ग्रीष्माची तयारी : घर, अंगण आणि देह

शिमगा सरला की आपल्या हिंगोली जिल्ह्यातील घराघरांत एक आवराआवर सुरू होते. रांजण घासले जातात, जुना माठ बदलला जातो, गोधड्या धुऊन उन्हात पडतात, वर्षाचे धान्य भरण्यापूर्वी कणग्या झाडून काढल्या जातात. वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत तर अंगणात आणि खळ्यावर शिजवलेली हळद वाळत असते. ऋतुसंधीची ही तयारी लोक परंपरेने, आपणहून करीत आले आहेत. त्याच सुमारास हीच माणसे आपल्या चिकित्सालयात येऊन म्हणतात, "डॉक्टरसाहेब, उन्हाळ्यासाठी काही थंड द्या." आणि आपण पुष्कळदा सरबताची एक बाटली व गुलकंदाची एक डबी हाती देऊन मोकळे होतो.

या व्यवहारात गैर काही नाही. परंतु त्यात वैद्यक फार थोडे आहे. ज्या शास्त्राने ऋतुचर्येला ग्रंथारंभीच स्वतंत्र अध्याय दिला, त्या शास्त्राच्या अभ्यासकाने घर कसे असावे, अंगणात काय लावावे, काय प्यावे आणि केव्हा विसावा घ्यावा हे सांगितलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच नाही. ही ऋतुचर्या सांगताना ती आपल्या जिल्ह्याच्या उन्हाला, पाण्याला आणि कष्टकऱ्याच्या दिनक्रमाला जुळवून सांगितली पाहिजे. ग्रंथातील वर्णन जसेच्या तसे सांगितल्यास ते काही ठिकाणी निरुपयोगी, तर काही ठिकाणी अपायकारकही ठरते. या मुद्द्याकडे वैद्यबंधू-भगिनींचे व औषधविक्रेत्यांचे लक्ष वेधावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

पंचांगातील ग्रीष्म आणि आपला ग्रीष्म

प्रथम कालगणनेचा विचार करू. वाग्भटाने माघापासून दोन दोन महिन्यांचे सहा ऋतू सांगितले. त्यानुसार चैत्र-वैशाख हा वसंत आणि ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म होतो. आपल्या जिल्ह्यात मात्र चैत्रातच पारा चाळिशीला टेकतो आणि जून महिन्याच्या मध्यास मृगाच्या सरी येऊ लागतात. म्हणजे पुस्तकातला ग्रीष्म सुरू होतो तेव्हा आपला ग्रीष्म जवळजवळ संपलेला असतो आणि आषाढात तर आपण पुरते पावसाळ्यात असतो. ज्या वैद्याने केवळ महिन्यांची नावे पाठ केली, तो वैशाखाच्या वणव्यात रुग्णाला वसंताचे रूक्ष-तीक्ष्ण उपचार सांगेल.

याचे उत्तर आपल्या ग्रंथांतच आहे. सुश्रुताने ऋतूंची दुसरी गणनाही दिली असून तीत फाल्गुन-चैत्र हा वसंत, वैशाख-ज्येष्ठ हा ग्रीष्म आणि आषाढ-श्रावण हा प्रावृट् आहे. चरकानेही शोधनाच्या संदर्भात प्रावृट् ऋतू गृहीत धरला आहे. मराठवाड्याला ही गणना अधिक जवळची आहे. त्याही पलीकडे जाऊन, महिन्यापेक्षा ऋतुलक्षण प्रमाण मानावे असे आम्हांस वाटते. ज्या दिवशी दुपारी झाडाचे पान हलत नाही, वारा लागला की तोंड भाजते आणि रात्री अंथरूण तापलेले असते, त्या दिवशी ग्रीष्म आला. मग तिथी कोणतीही असो.

घर : पत्र्याखालचा देह

ग्रंथांतील ग्रीष्मगृह सुंदर आहे. तेथे जलयंत्रे आहेत, उंच वृक्षांची दाट सावली आहे, केळीच्या पानांची शय्या आहे, रात्री चांदण्यात न्हालेली गच्ची आहे. हे वर्णन ज्यांच्यासाठी होते, त्यांच्या घरी पाणी भरायला आणि पंखा ढाळायला माणसे होती. आपला रुग्ण पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतो.

मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची होती. जाड पांढऱ्या मातीच्या भिंती व मातीचे धाबे दुपारचे ऊन आत येऊ देत नसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील माणसे याच जड छपरांखाली दबली, तेव्हापासून माळवदाची धास्ती बसली. आपल्या जिल्ह्यातही वसमत-औंढा-कळमनुरी पट्ट्यात गेली काही वर्षे धरणीकंपाचे हादरे जाणवत आहेत. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. लोकांनी हलके पत्रे स्वीकारले ते शहाणपणानेच. म्हणून "पूर्वीचीच घरे चांगली" असे म्हणून आपली सुटका होत नाही. पत्रा राहणार आहे, तर त्याखालचा दाह कमी कसा करावा, हे सांगावे लागेल.

यासाठी उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात पांढरे द्यावेत. २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत अहमदाबाद शहरात नेहमीच्या सरासरीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्या धक्क्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा थर देण्याची मोहीम घेतली. चुन्याची बादली आणि कुंचा आपल्या खेड्यातही मिळतो. पत्र्यावर तुराट्यांचा किंवा पाचटाचा थर घालणेही उपयोगी असते, मात्र चुलीच्या ठिणगीपासून तो दूर असावा. पश्चिमेच्या दाराला ओले गोणपाट किंवा वाळ्याची ताटी लावावी, परंतु समोरची खिडकी उघडी ठेवावी. कोंडलेल्या खोलीत ओला पडदा लावला की गारवा येत नाही, दमटपणा वाढतो आणि घाम सुकत नाही. दमट उन्हाची हीच भीती आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या शासकीय पुरस्कार सोहळ्यानंतर चौदा जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्या परिसरातील तापमानाची नोंद चाळिशीच्या आतच होती. पाऱ्याचा आकडा पाहून निश्चिंत राहू नये, हा त्याचा धडा.

घर स्वच्छ करताना दोन गोष्टींची जाणीव आपण अवश्य द्यावी. कूलरची टाकी, रांजण, कुंड्यांखालच्या थाळ्या आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत वाढतो. दुसरे, वर्षाच्या धान्यात ठेवल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो. ज्या खोलीत माणसे निजतात, तेथे असे धान्य ठेवू नये. धान्य खडखडीत वाळवून त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे ही आपल्याकडची जुनी रीत आजही चांगली आहे. घरात धूपन करायचे असल्यास गुग्गुळ, कडुनिंब, वेखंड यांचे करावे. तमकश्वासाच्या रुग्णाला मात्र त्या वेळी बाहेर बसवावे.

अंगण व परसबाग : सांडपाण्यावरचा दाहप्रशमन गण

कयाधू, पूर्णा, पैनगंगा या नद्या आपल्या जिल्ह्याच्या. सिद्धेश्वर आणि इसापूरची धरणेही येथलीच. तरीही मे महिन्यात अनेक गावांतील विहिरी तळ दाखवितात आणि बायाबापड्या डोक्यावरून पाणी आणतात. अशा वेळी बाग फुलवा असे सांगणे हा विनोद होईल. परंतु न्हाणीचे पाणी प्रत्येक घरातून रोज वाहते. त्या पाण्यावर जे जगते, ते लावावे.

चरकाने दाहप्रशमनासाठी सांगितलेल्या दहा द्रव्यांत वाळा, गुळवेल, अनंतमूळ आणि शिवणीचे फळ ही चार आहेत. वाळा तर न्हाणीच्या पन्हळीकाठी लावण्याचीच चाल आहे. तो तेथील ओलाव्यावर वाढतो, माती धरून ठेवतो आणि दीड-एक वर्षाने त्याची मुळे काढता येतात. ती धुऊन, सावलीत वाळवून माठात टाकण्याइतकी प्रत्येक घराला मिळतात. गुळवेल अंगणातल्या कडुनिंबावर चढवावी. अडुळसा कुंपणाला लावावा. तुळस, मोगरा, गवती चहा यांना चूळ भरल्याचे आणि भांडी विसळल्याचे पाणी पुरते. साबणाचे पाणी मात्र एका जागी सतत सोडू नये. ज्याची जागा मोठी आहे त्याने दाराशी कडुनिंब आणि करंज लावावा. करंजाला ऐन उन्हाळ्याच्या तोंडी नवी पालवी फुटते आणि भर उन्हात त्याची सावली गर्द होते.

रोपे लावायला मात्र वैशाख हा काळ नव्हे. उन्हाळ्यात जागा ठरवावी, खड्डे खणून तापू द्यावेत, शेणखत भरावे आणि मृगाच्या ओलीवर रोप लावावे. या वर्षीचा उन्हाळा घरावर चुना देऊन आणि ताटी लावून काढायचा, पुढच्या उन्हाळ्याची सावली या पावसाळ्यात लावायची, असा सल्ला रुग्णाला पटतो आणि तो तसे करतोही. आपल्या चिकित्सालयासमोर वाळ्याचा एक बुंधा लावल्यास हा सल्ला तोंडी राहणार नाही.

देह : शुद्धीचा नव्हे, रक्षणाचा काळ

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अलीकडे एप्रिल-मेमध्ये "उन्हाळी शरीरशुद्धी" या नावाने शिबिरांच्या जाहिराती दिसतात. शाळांना सुट्या असतात, लोक मोकळे असतात, म्हणून हा काळ निवडला जातो. व्यवसायाची अडचण आम्ही जाणतो. तथापि आदानकालाच्या शेवटी मनुष्याचे बल सर्वांत कमी असते, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. अतिशय उष्ण, अतिशय थंड आणि अतिवृष्टीच्या काळात आत्ययिक स्थिती वगळता शोधन करू नये, हा चरकाचा स्पष्ट अभिप्राय आहे. बेचाळीस अंशांत घाम गाळून आलेल्या माणसाला वमन-विरेचन देऊन आणखी द्रवधातू काढून टाकणे कोणत्या शास्त्रात बसते? वासंतिक वमन करायचे तर ते फाल्गुनात, फार तर चैत्राच्या आरंभी उरकावे. त्यानंतर चार महिने देहाला काही काढून घेणारे उपचार नकोत, देणारे हवेत.

दुसरा प्रश्न मिठाचा. ग्रीष्मात लवण, अम्ल व कटू रस वर्ज्य करावेत, असे ग्रंथ सांगतात आणि आपणही तसे सांगतो. सावलीत बसणाऱ्याला ते योग्यच आहे. परंतु हळद शिजविण्याच्या कुकरजवळ, विटभट्टीवर किंवा उसाच्या फडात आठ तास राबणाऱ्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. त्याला नुसते साखरपाणी आणि "मीठ बंद" सांगितल्यास गोळे येतात, चक्कर येते, आणि प्रसंगी त्याहून वाईट घडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या जलसंजीवनीत एक लिटर पाण्यास २.६ ग्रॅम मीठ आहे, ते उगीच नव्हे. घरी करायची तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. काही वैद्यबंधू म्हणतील की हा ग्रंथाचा अव्हेर झाला. आमच्या मते तसे नाही. देश, काल, बल, सात्म्य पाहून आहारविधी ठरवा, असे सांगणाराही तोच ग्रंथ आहे. ज्याच्या देहातून लवण क्षीण होत आहे, त्याला ते देणे ही चिकित्साच होय.

ताकाबद्दलही असाच विवेक हवा. उन्हाळा म्हटला की ताक, असे लोकांना वाटते. पण उष्णकाळी, दुर्बलास आणि मूर्च्छा, भ्रम, दाह, रक्तपित्त यांत तक्र देऊ नये, असा निषेध आहे. हा निषेध आंबट, उष्ण गुणाच्या ताकाला विशेष लागू पडतो. ज्याला आम्लपित्त आहे, नाकाचा घोळणा फुटतो, त्याला ताजे गोड ताक, लोणी पूर्ण काढून व खडीसाखर घालून द्यावे. निरोगी कष्टकऱ्याने ताज्या पातळ ताकात मीठ-जिरे घालून पिण्यास हरकत नाही. आपल्याकडील ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे, सातूचे पातळ पीठ हे सर्व याच विचारात बसतात. मधुमेह्याला गुलकंद व साखरेची पानके, उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला खारट पेये आणि वृक्क किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला "भरपूर पाणी प्या" हा सरसकट सल्ला देऊ नये. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे उन्हाळ्यात प्रत्येक वृद्धाला विचारलेच पाहिजे.

विसाव्याविषयी एक शब्द. दिवास्वाप एरवी निषिद्ध, परंतु ग्रीष्मात विहित आहे. शेतमालकाने मजुराला बारा ते चार सावलीत विसावा द्यावा आणि काम पहाटे उरकावे, हे आपण मालकाला सांगू शकतो. तोही आपलाच रुग्ण असतो. मजुराच्या विसाव्याला ग्रंथाचा आधार आहे, ही गोष्ट मालकाच्या कानी वैद्याने घातली तर तिला वजन येते.

औषधविक्रेत्यांस विनंती

आपल्या दुकानातील वाळा पाण्यात भिजविला असता सुगंध देतो की नाही, हे खरेदी करतानाच पाहावे. तेल काढून घेतलेली निःसत्त्व मुळे दिसायला वाळ्यासारखीच असतात. चंदनाचे मोल आज असे आहे की स्वस्त चंदनचूर्ण दिसताच शंका घ्यावी. खरे चंदन परवडत नसेल तर गिऱ्हाईकाला वाळा, अनंतमूळ, नागरमोथा द्यावा. रंगवलेला भुसा देऊ नये. तहानेसाठी षडंगपानीयाचे भरड चूर्ण हे फार कमी किमतीचे औषध आहे. एक पल द्रव्य चौसष्ट पल पाण्यात निम्मे आटवून, गार करून दिवसभर थोडे थोडे पाजावे. त्यात विक्रेत्याला नफा थोडा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु गिऱ्हाईक पुन्हा येते ते गुणामुळे.

उशीरासव थंड आहे म्हणून उन्हाळाभर घोटघोट पिणारे लोक आपण पाहतो. ते आसव आहे आणि ग्रीष्मात मद्य वर्ज्य किंवा अत्यल्प व बहुजल सांगितले आहे. त्यामुळे ते मात्रेत, वैद्याच्या सल्ल्यानेच विकावे. भल्लातकाचे कल्प व इतर उष्णवीर्य रसौषधी या काळात चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. पत्र्याच्या दुकानात आसवांच्या बाटल्या फसफसतात, वट्या चिकटतात, गुलकंदाला पाणी सुटते. म्हणून घराला जो चुना सांगितला तो दुकानालाही लावावा आणि माल पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावा. दुकानाबाहेर झाकलेला माठ आणि गल्ल्याजवळ जलसंजीवनीची पाकिटे असावीत. अक्षयतृतीयेला भरली घागर दान करणाऱ्या समाजात हे वेगळे सांगायला नको.

जेथे आपण थांबावे

उष्माघात ही आत्ययिक अवस्था आहे. अंग भाजल्यासारखे तापलेले, ताप १०४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक, आणि रुग्ण असंबद्ध बोलतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते, अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते. कांद्याचा रस चोळणे, तळपायाला काशाची वाटी घासणे, मोतीपिष्टी चाटवणे यांत वेळ गेला तर रुग्ण हातचा जातो. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा, मानेला, काखेत व जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवावीत. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि रुग्णालयात पोचेपर्यंत देह गार करणे थांबवू नये. तापाची गोळी येथे काम करीत नाही, हेही लक्षात असावे. प्रत्येक चिकित्सालयात या दिवसांत तापमापक, बर्फाची सोय आणि पाण्याची भरलेली टाकी असलीच पाहिजे. योग्य वेळी पुढे पाठविणारा वैद्य कमीपणा घेत नाही. आयुर्वेदाने साध्यासाध्यविवेक शिकविला तो याचसाठी.

सल्ल्याचे पैसे मिळत नाहीत, बाटलीचे मिळतात, असा व्यवहारी आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. परंतु बाटली आज कोणत्याही किराणा दुकानात मिळते. आपल्याकडे माणूस येतो तो या ऋतूत कसे जगावे हे विचारायला. तो प्रश्न आपण अनुत्तरित ठेवला, तर पुढच्या वर्षी तो येणार नाही, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, येत्या फाल्गुनात आपल्या संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने एक साधे मराठी पत्रक काढावे. त्यात पत्र्याला चुना, आठवड्याचा कोरडा दिवस, न्हाणीकाठचा वाळा, कष्टकऱ्यासाठी मिठाचे प्रमाण, दुपारचा विसावा आणि उष्माघाताची लक्षणे एवढेच असावे. हे पत्रक हळदीच्या बाजारात, विटभट्ट्यांवर आणि औषधालयांच्या दारावर लागावे. त्यावर कोणत्याही औषधाची जाहिरात नसावी. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा व वसमत या पाचही तालुक्यांतील वैद्यबंधू-भगिनींनी हे मनावर घेतल्यास पुढील ग्रीष्मापूर्वी ते सहज शक्य आहे.